लग्नचौक: वारली चित्रकलेचे मूळ

पडद्यांवर आणि कपांवर सर्रास दिसणारी वारली चित्रे मुळात लग्नघरापुरती होती. डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या वारली आदिवासींच्या घरी लग्न निघाले की सवाष्णी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहीत. हो, तिथला शब्द 'लिहिणे' असाच आहे. मध्ये पालघाट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी, शेजारी छोट्या देवचौकात पंचशिऱ्या हा देव. धवलेरी ही पुरोहित स्त्री गाणी म्हणते, लग्न लावतेही तीच. चौकाखाली सही नसते, कारण तो कोणा एकीचा नसतो.

लोककलेची जी वैशिष्ट्ये आपण पाठ करतो, त्यातली बरीचशी इथे सामानातून आली आहेत. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, त्यावर गेरू. रंग म्हणजे भिजवून वाटलेले तांदूळ आणि पाणी. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. अशा काडीने छटा साधणे अवघड; माणूस टोकाला टोक भिडवलेल्या दोन त्रिकोणांचा. तांदळाचे पाणी ओले असताना जेमतेम दिसते, वाळल्यावर पांढरे उमटते. नवखा माणूस फिकट दिसतेय म्हणून पुन्हा गिरवतो आणि रेघ जाड होते. वाटण घट्ट राहिले तर वाळून तडकते, पापुद्रे पडतात. फार पातळ केले तर ओघळते. उरलेले दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढेच वाटायचे. चित्र टिकवायचा प्रश्नच नव्हता: पुढच्या सारवणात ते जाणारच.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद नेला. कागदावर पुढे पोस्टर कलर आले. लग्नाची वेळ आणि सवाष्णीचा हात या दोन्ही अटी सुटल्या, आणि पुरुष चितारू लागले. गंजाडचे जिव्या सोमा मशे त्यांतले अग्रणी. त्यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. चित्रात आता शेती, शिकार, तारपानाच (तारपा या फुंकवाद्यावरचा नाच) हे विषय मुख्य झाले. देवी मागे पडली. बाजारात 'अस्सल वारली' म्हणून खपतो तो तारप्याभोवतीचा फेर. लग्नचौक मात्र विकायला क्वचितच येतो.