गोळी लागली की डुक्कर मागे उडतं?
खानापूरकडे भातात रानडुकरं शिरली की कट्ट्यावर हमखास निघणारी गोष्ट: रिव्हॉल्वरची जड शिशाची गोळी बसली की डुक्कर चार हात मागे उडतं. नाही उडत. अमेरिकेत शिकारीला वापरतात ती .४४ मॅग्नम या रिव्हॉल्वर-काडतुसाची ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ओतीव गोळी भरते साडेएकोणीस ग्रॅम. सेकंदाला ३६० मीटर वेगाने ८० किलोच्या डुकरात ती रुतून बसली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर. जनावर उडवणारा धक्का असता, तर झाडणाराही उताणा पडला असता की! जड गोळीचा खरा गुण म्हणजे ती सरळ, खोल घुसते. जनावर कोसळतं ते मेंदू-मणक्याला इजा झाल्याने नाहीतर रक्तस्रावाने. काळजात लागूनही ते बरंच पळतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वनखात्याच्या परवानगीशिवाय शिकारच बंद, बंदुकीचं लायसन असलं तरी.