यकृतातली ‘गाठ’ आणि तिच्या नावांचा गोंधळ

पित्ताशयात खडे आहेत का, हे बघायला नाशिकमधल्या सोनोग्राफी सेंटरवर गेलेला माणूस कधीकधी भलताच शब्द घेऊन बाहेर येतो: ‘हिमॅन्जिओमा’, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. निफाड-सिन्नरला घरी फोन जातो तो मात्र ‘लिव्हरमध्ये गाठ निघाली’ असा. आपल्याकडे गाठ म्हटलं की पुढचा शब्द कुणी उच्चारतही नाही. खरं तर यकृतातल्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते, बायकांमध्ये अधिक. घोळ आहे तो नावाचा, आणि तो जुना आहे.

१८६३ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखोव यांनी रक्तवाहिन्यांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली जशा दिसल्या तशा तीन गटांत टाकल्या. सिम्प्लेक्स म्हणजे बारीक केशवाहिन्यांची, कॅव्हर्नोसम म्हणजे गुहेसारख्या पोकळ्यांची आणि रेसिमोसम. या शेवटच्या नावामागचा लॅटिन शब्द द्राक्षाच्या घडाचा आहे, हे नाशिककरांना सांगायलाच हवं! वर्गीकरण सुबक होतं, पण सगळा भर वाहिन्यांच्या आकारावर. त्या वाढताहेत की नुसत्याच रुंदावल्यात, हे त्यातून कळत नसे.

ते कळायला १९८२ उजाडलं. बोस्टनच्या जॉन मलिकन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी तपासल्या. किरणोत्सर्गी थायमिडीन वापरलं की विभागणाऱ्या पेशी ओळखू येतात. तान्ह्या बाळांच्या वाढत्या गाठींत या पेशी झपाट्याने विभागत होत्या. दुसऱ्या गटात अस्तर चपटं आणि शांत. पहिली खरी गाठ, दुसरी वाहिन्यांची जडणघडणच चुकलेली. दोन्हींना इतकी वर्षं एकच नाव होतं. रक्तवाहिन्यांच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९६ मध्ये हीच विभागणी उचलली.

यकृतापुरतं बोलायचं तर बाळांच्या गाठींचे दोन ऊतीप्रकार डेनर आणि इशाक यांनी १९७१ मध्येच मांडले होते. त्यातला दुसरा, अस्ताव्यस्त पेशींचा प्रकार आज कर्करोगाच्या बाजूला ठेवला जातो. २००० साली ग्लूट-१ हे प्रथिन ओळखीची खूण म्हणून हाती आलं. बाळांच्या ठरावीक गाठींत ते सापडतं, जन्मतःच पूर्ण वाढलेल्या गाठींत सापडत नाही. मग यकृतभर पसरलेल्या किंवा अनेक ठिकाणी असलेल्या गाठी आणि एकच मोठी गाठ हे वेगळे आजार आहेत, हे उलगडलं. पसरलेल्या प्रकारात बाळाचं थायरॉइड तपासावं लागतं, कारण या गाठी त्याचं हार्मोन निकामी करतात.

मोठ्या माणसांची कॅव्हर्नस गाठ या नव्या हिशोबात शिरांची सदोष घडण ठरते. तरी रिपोर्टवर ‘हिमॅन्जिओमा’च छापून येतं; मला ते खटकतं, पण सवय मोडणं सोपं नाही. गंमत अशी की रक्तस्रावाच्या भीतीने इथे तुकडा काढायला सुई सहसा घालत नाहीत. सीटी स्कॅनवर, शिरेतून दिलेलं रंगद्रव्य गाठीत कडेकडून आत भरत गेलेलं दिसलं की निदान होतं. ऊतीवर बेतलेलं हे नाव बहुतेक पेशंटना ऊतीचा तुकडा न काढताच मिळतं.