बेडरूममधली कुंडी आणि रात्रीचा श्वास

"झोपायच्या खोलीत झाड ठेवू नका, रात्री ते कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि माणूस गुदमरतो." हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. त्यातला अर्धा भाग खराच आहे, म्हणून तो पटतो. अंधारात झाडंही श्वास घेतात आणि हा वायू सोडतात.

प्रश्न किती, एवढाच. झोपलेला मोठा माणूस तासाला साधारण १०-१२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. कोपऱ्यातला मनी प्लांट त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शेजारी झोपलेल्या माणसाने आपण गुदमरत नाही, मग कुंडीने कसे गुदमरू? शिवाय नागपुरात उन्हाळाभर खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतच असतो.

खात्री हवी असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं मीटर घ्या. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दिसेल. एक रात्र बंद खोलीत नुसत्या कुंड्या ठेवा, दुसऱ्या रात्री कुंड्या काढून स्वतः झोपा. सकाळचे आकडे ताडून बघा.

उलटा मेसेजही फिरतो : स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतो. तो रात्री कार्बन डायऑक्साइड शोषतो खरा, पण ऑक्सिजन उजेडातच सोडतो.

कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी मात्र ओतून टाका. त्यात डास होतात.