इल्टुडची शाळा आणि तीन शिळा

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लँटविट मेजर नावाचे छोटे गाव आहे. ब्रिटनमधले सर्वात जुने विद्यापीठ इथे होते, असा दावा हमखास कानावर येतो. इल्टुड नावाच्या संताने इ.स. 500 च्या सुमारास इथे मठ आणि शाळा काढली, इथपर्यंत ठीक. पण रोमन सम्राट थिओडोसियसचे विद्यालय त्याही आधी इथे होते आणि हजारो विद्यार्थी शिकत होते, ही कथा मात्र जरा संशयानेच ऐकावी. तिला खतपाणी घालणाऱ्यांत आयोलो मॉर्गानूग हा अठराव्या शतकातला कवी होता. जुनी म्हणून खपवलेली हस्तलिखिते स्वतःच रचण्यात तो पटाईत होता.

मग खरे काय उरते? संत सॅमसनचे चरित्र, बहुधा सातव्या-आठव्या शतकातले. त्यात इल्टुडला सगळ्या ब्रिटनांमध्ये धर्मग्रंथांचा सर्वात मोठा जाणकार म्हटले आहे, आणि लेखक त्याच्या मठात स्वतः जाऊन आल्याचे सांगतो. सॅमसन हा इथलाच विद्यार्थी. इ.स. 560 च्या आसपास पॅरिसमध्ये भरलेल्या धर्मसभेच्या ठरावावर सॅमसन नावाच्या बिशपची सही आहे. तो हाच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळातल्या वेल्श संताबद्दल एवढा पुरावा म्हणजे चैनच!

इल्टुडच्या काळातली इमारत मात्र आज उभी नाही. अशा मठांतल्या खोल्या बहुधा लाकडाच्या असत. लाकूड कुजते, जमिनीत खांबांच्या खड्ड्यांचे डाग तेवढे राहतात, आणि त्यावर पुढे चर्च आणि दफनभूमी आली की तेही पुसले जातात. राहतो तो दगड. पण दगडाला रेडिओकार्बन पद्धत लागू पडत नाही. ती लाकूड, हाड, कोळसा अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंचे वय सांगते. कोरीव दगडाचा काळ ठरवायचा तर अक्षरांचे वळण, नक्षीची शैली आणि कोरलेली नावे यांवर भिस्त ठेवावी लागते.

इथल्या चर्चमधला हौएल्टचा क्रूस घ्या. पुरुषभर उंचीचा, वर चाकासारखे गोल डोके, अंगभर गाठींची आणि कोनाकोनांची नक्षी. तळाशी लॅटिन लेख: देव पिता आणि पवित्र आत्म्याच्या नावे हौएल्टने आपला बाप रेस याच्या आत्म्यासाठी हा क्रूस तयार केला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रयीतला ‘पुत्र’ गायब, आणि ‘स्पिरितुस’चे (लॅटिनमध्ये आत्मा) झालेय ‘स्पेरेतुस’. इतक्या नावाजलेल्या शाळेच्या अंगणात! पण या लेखाची खरी किंमत त्यातल्या नावांत आहे. अ‍ॅसर या वेल्श भिक्षूने 893 मध्ये इंग्लंडमधल्या आल्फ्रेड राजाचे चरित्र लिहिले. त्यात ग्लिविसिंग या दक्षिण वेल्समधल्या राज्याचा राजा, रीसचा मुलगा हॉवेल (म्हणजे लेखातलीच रेस आणि हौएल्ट ही नावे), आल्फ्रेडच्या आश्रयाला आल्याची नोंद आहे. तो हाच धरला, तर क्रूस नवव्या शतकाच्या उत्तरार्धातला ठरतो.

दुसऱ्या शिळेवर इल्टुडचेच नाव आहे. तिसरा उंच खांब सॅमसन नावाच्या मठाधिपतीने स्वतःच्या आणि युथाहेल राजाच्या आत्म्यासाठी उभारला. हा सॅमसन त्या संतापेक्षा बराच उशिराचा. म्हणजे इल्टुडनंतर तीन शतकांनीही राजघराणी आपल्या माणसांच्या आत्म्यासाठी इथेच दगड उभे करत होती. मला हा पुरावा विद्यार्थ्यांच्या फुगवलेल्या आकड्यांपेक्षा जास्त वजनदार वाटतो.

गंमत म्हणजे सॅमसनचा हा खांब 1789 मध्ये जमिनीतून उकरून काढला तो त्याच लबाड आयोलोने. तो पेशाने पाथरवट होता, आणि हा दगड अस्सल निघाला.

नॉर्मन आले तेव्हा मठाचे स्वातंत्र्य संपले. ग्लॅमॉर्गन जिंकणाऱ्या रॉबर्ट फिट्झहॅमनच्या काळात चर्च आणि त्याचे उत्पन्न इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरी मठाकडे गेले. गावात मठाची शेती आणि कोठार उरले. तेराव्या शतकातले त्याचे प्रवेशद्वार आणि कबुतरखाना अजून उभे आहेत. चर्च मात्र वाढत गेले: पश्चिमेला जुना भाग, पूर्वेला तेराव्या शतकातला नवा. 1540 मध्ये ट्यूक्सबरीचा मठही बरखास्त झाला. चर्चच्या पश्चिम टोकाचे गॅलिली चॅपल (छोटे प्रार्थनागृह) कितीतरी वर्षे बिनछपराचे पडून होते. 2013 मध्ये ते दुरुस्त करून या शिळा तिथे मांडल्या.