राउटरमागचा पत्रा आणि दुप्पट रेंज

‘कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन कापून राउटरच्या अँटेनामागे लावा, वायफायची रेंज दुप्पट!’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तो अगदीच निराधार नाही, म्हणून तर टिकलाय.

धातूवर रेडिओलहरी परावर्तित होतात, हे खरं. पण पत्रा राउटरची ताकद वाढवत नाही, असलेलीच एका बाजूला वळवतो. दिव्यामागे आरसा धरल्यासारखं. समोरच्या खोलीत फोनवरची सिग्नलची दांडी वाढते, मागची खोली तेवढीच उपाशी राहते. शिवाय मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायचं तर त्या दिशेला चौपट शक्ती लागते. घरगुती कापाकापीतून ती मिळणं अवघडच.

तपासायचं असेल तर फोनवर सिग्नल मोजणारं एखादं मोफत ॲप घ्या. आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात येतो: उणे ५० उत्तम, उणे ८० म्हणजे रडतखडत. फोन एकाच जागी ठेवून पत्र्यासह आणि पत्र्याशिवाय चार-पाचदा मोजा. नुसत्या दांड्यांवर जाऊ नका. आणि मागच्या खोलीतही मोजा, हे बहुतेक जण विसरतात.

आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात भिंती हातभर जाड. राउटर टीव्हीच्या कपाटात, शेजारी स्टीलच्या डब्यांची मांडणी. तो उचलून मधल्या सोप्यात, डोक्याच्या उंचीवर टांगला, तर स्वयंपाकघरात उणे ८२ चा उणे ६८ झाला. लांबच्या खोलीसाठी वायफायच्या लहरींचा ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा (बँड) निवडा. वेग कमी, पण भिंतीतून हाच पट्टा बरा जातो.