साहाय्यक साधनांचे मूल्यमापन व निवड : बेळगाव सीमाभाग

दिव्यांग व्यक्तीला चालणे, बसणे, ऐकणे, वाचणे, बोलणे किंवा घरची रोजची कामे करणे शक्य व्हावे म्हणून वापरले जाणारे उपकरण, आणि ते उपकरण मिळवून देण्यापासून दुरुस्त करून देण्यापर्यंतची सेवा, या दोहोंना मिळून साहाय्यक तंत्रज्ञान म्हणतात. पांढरी काठी, कुबड्या, पायाला आधार देणारा कॅलिपर, चाकाची खुर्ची, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र, भिंग आणि ब्रेल पाटी यांपासून मोबाइलमधील, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपर्यंत सर्व काही त्यात मोडते. कोणाला यांपैकी काय, कोणत्या मापाचे आणि कोणत्या कामासाठी द्यावे हे ठरवण्याच्या पद्धतशीर प्रक्रियेला मूल्यमापन व निवड असे म्हटले जाते. वैद्यकीय निदान हा तिचा एक भाग आहे. मात्र निदानावरून साधन ठरत नाही. एकाच आजाराने पाय लुळे पडलेल्या दोघांपैकी निपाणीच्या बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्याला जी खुर्ची सोयीची, ती खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्याला पावसाळ्याचे चार महिने दाराबाहेरसुद्धा नेता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या, कार्यक्षमता व अपंगत्वाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने अपंगत्व हे केवळ शरीरात नसून शरीर आणि भोवताल यांच्या परस्परसंबंधातून ठरते, ही भूमिका अधिकृत केली. साधननिवडीच्या आजच्या बहुतेक पद्धती याच भूमिकेला धरून आहेत. अमेरिकेतील जॉय झबाला यांनी शाळांसाठी मांडलेली ‘सेट’ ही चौकट विद्यार्थी, त्याचा भोवताल, त्याला करायची कामे आणि साधने असे चार विषय घेते व साधनाचा विचार शेवटी करते. मार्शा शेरर यांची पद्धत व्यक्तीच्या अपेक्षा, स्वभाव आणि साधनाविषयीची तिची नाखुशीही विचारात घेते. नाखुशी नोंदवण्याला किती महत्त्व आहे, हे फिलिप्स व झाओ यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी पाहणीवरून कळते. तीत सुमारे २९ टक्के साधने वापरातून कायमची बाद झालेली आढळली, आणि त्यामागे चार गोष्टी दिसल्या : वापरणाऱ्याचे मत न विचारणे, साधन सहजासहजी हाती येणे, त्याने नीट काम न देणे आणि काळानुसार गरज बदलणे. यांतील दुसरी गोष्ट वरवर विचित्र वाटते. पण मोजमाप न घेता, सवय न करून देता हाती आलेले साधन लवकर माळ्यावर जाते, हे वाटप शिबिरे पाहिलेल्या कोणालाही पटेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्राधान्याच्या ५० साहाय्यक साधनांची यादी जाहीर केली, आणि युनिसेफसह २०२२ मध्ये काढलेल्या अहवालात जगातील अडीच अब्जांहून अधिक लोकांना किमान एका साधनाची गरज असल्याचे म्हटले. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाच्या मान्य प्रकारांची संख्या सातवरून एकवीसवर नेली. साधनांसाठीची केंद्राची मुख्य योजना ‘एडिप’ ही १९८१ पासून चालू आहे आणि तिच्यातील बहुतांश साधने कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी निगमाकडून येतात. योजनेच्या लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाची मर्यादा या अटी आहेत. त्याशिवाय प्रौढ व्यक्तीला त्याच कारणासाठी तीन वर्षे पुन्हा साधन मिळत नाही. लहान मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. निवड चुकली तर माणूस तीन वर्षे चुकीच्या साधनाला बांधला जातो. दाखल्यावरची टक्केवारी लाभार्थी ठरवते, साधनाचे माप मात्र तिच्यातून निघत नाही, आणि शिबिरातल्या रांगेत नेमकी ही गल्लत होते.

बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक सुमारे १९ टक्के आहेत आणि त्यांची दाट वस्ती बेळगाव शहर व तालुका, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात आहे. दाखले, पेन्शन आणि साधनांचे अर्ज कर्नाटक शासनाच्या खात्यांमार्फत चालतात. उपचारासाठी मात्र अनेक कुटुंबे बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाबरोबर कोल्हापूर आणि मिरजही गाठतात. कोल्हापूरची ‘हेल्पर्स ऑफ दि हॅण्डीकॅप्ड’ ही नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली संस्था या भागातील कुटुंबांनाही परिचित आहे. दिव्यांगांसाठीचे केंद्राचे यूडीआयडी ओळखपत्र देशभर चालते, तरी राज्याच्या योजनांना रहिवास पाहिला जातो. त्यामुळे पायाचे माप एका राज्यात, कागद दुसऱ्या राज्यात आणि दुरुस्तीसाठी विचारायचे कोणाला हे अनिश्चित, अशी अवस्था होऊ शकते. कर्नाटकात ग्रामपंचायत स्तरावर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते आणि तालुका स्तरावर बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ते मानधनावर काम करतात. घर पाहून आलेला माणूस मूल्यमापनाला हवा असतो, आणि ते काम त्यांच्याइतके जवळून दुसरे कोणी करू शकत नाही.

चाकाची खुर्ची हे चुकीच्या निवडीचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. तिची मापे बसलेल्या स्थितीत घेतात. बैठकीची रुंदी नितंबांच्या रुंदीइतकी ठेवली जाते. बैठकीची खोली पाठीमागून गुडघ्याच्या मागच्या कडेपर्यंत मोजून त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा करतात, म्हणजे कड पोटरीला घासत नाही. पायठेव्याची उंची पोटरीच्या लांबीवरून ठरते. तो फार उंच असला तर मांड्या उचलल्या जाऊन सगळे वजन बसण्याच्या हाडांवर येते. फार खाली असला तर माणूस पुढे घसरतो. मणक्याच्या दुखापतीने कमरेखालची संवेदना गेलेल्या व्यक्तीला ही चूक जाणवतच नाही, आणि कळते तेव्हा शय्याव्रण, म्हणजे सततच्या दाबाने होणारी जखम, झालेला असतो. म्हणून अशा व्यक्तीसाठी उशी हा खुर्चीचाच भाग धरतात आणि ठराविक वेळाने अंग उचलण्याची सवय खुर्ची देतानाच लावतात. रुग्णालयात रुग्ण हलवण्यासाठी असलेली एकाच मापाची घडीची खुर्ची कायमच्या वापरासाठी देणे हे स्वस्त वाटते, प्रत्यक्षात ते महाग पडते.

माणूस मोजून झाल्यावर घर मोजावे लागते. दाराची मोकळी रुंदी, उंबऱ्याची उंची, सोप्यातून माजघरात जाण्याचा मार्ग, परसातला संडास आणि तेथवरची वाट या सर्वांची नोंद हवी. उतारासाठी सर्वसाधारण प्रमाण एकास बारा असे आहे. त्या हिशेबाने पंधरा सेंटिमीटरच्या उंबऱ्याला १.८ मीटर, तर पंचेचाळीस सेंटिमीटर उंच कट्ट्याला ५.४ मीटर लांब उतार लागतो, आणि बेळगावातील शहापूर किंवा वडगावच्या अरुंद गल्लीत कट्ट्यापासून समोरच्या गटारापर्यंत तेवढी जागा सहसा मिळत नाही. मग परसदारी उतार करणे, कट्ट्याला समांतर वळता उतार काढणे किंवा दोन माणसांनी खुर्ची उचलण्याची रीत घरच्यांना शिकवणे, असे पर्याय उरतात. खडबडीत रस्त्यासाठी पुढे एकच मोठे चाक असलेली, पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली तीनचाकी खुर्ची चालते, कारण नेहमीची लहान पुढची चाके चिखलात रुततात; पण तीच लांब खुर्ची माजघरात वळत नाही. बाहेर एक आणि घरात एक अशी दोन साधने हवीत असे उत्तर निघाले तर ते उधळपट्टीचे मानू नये. हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलीच्या बाबतीत हातांचे बळ आणि खांद्यांची हालचाल पाहतातच. साडी नेसणाऱ्या बाईसाठी साखळीवरचे झाकणही तितकेच पाहायला हवे, ते अनेकदा राहून जाते.

कुबड्यांची निवड सोपी समजली जाते आणि म्हणून ती घाईत होते. वरची गादी काखेपासून दोन-तीन बोटे खाली राहावी, मूठ मनगटाच्या रेषेवर यावी आणि कोपर किंचित वाकलेले असावे, असा नियम आहे. वजन हातांवर पडायला हवे. काखेवर रेलून चालण्याची सवय लागली तर तेथील मज्जातंतू दबून हात लुळा पडू शकतो. गुडघ्याखाली पाय कापलेल्या शेतकऱ्यासाठी १९६८ मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेले रबरी पाऊल आजही अनेकदा योग्य ठरते, कारण ते अनवाणी वापरता येते, उकिडवे बसताना वाकते आणि भाताच्या खाचरात भिजले तरी बिघडत नाही. किंमत वाढली म्हणजे साधन सरस झाले, हा समज येथे टिकत नाही.

श्रवणयंत्राच्या बाबतीत सीमाभागाचा प्रश्न वेगळा आणि अधिक बारीक आहे. वेगवेगळ्या पट्टीचे नुसते ध्वनी ऐकवून होणारी तपासणी कोणत्याही भाषेवर अवलंबून नसते. शब्द ऐकवून घेतली जाणारी तपासणी मात्र रुग्णाच्या भाषेतच व्हायला हवी. घरी मराठी बोलणाऱ्या आजोबांना कन्नड शब्दांची यादी ऐकवली, तर न ओळखलेला शब्द ऐकू आला नाही की कळला नाही, हे सांगता येत नाही, आणि यंत्राच्या उपयोगाचा अंदाजच चुकतो. हातमाग-यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केलेल्या विणकराची श्रवणहानी प्रायः चार हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपासून, सुरू होते. त्याला आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने निसटतात. “ओरडू नका, नीट बोला” ही अशा माणसाची नेहमीची तक्रार असते, आणि सगळे आवाज सरसकट मोठे करणारे यंत्र तिला उत्तर देत नाही. लहान मुलाचा कान वाढत असल्याने यंत्र कानात बसवणारा साचा वारंवार नवा करावा लागतो. सैल साचा शिटी मारतो, आई यंत्र काढून ठेवते, आणि भाषा शिकण्याचे मोलाचे महिने जातात. खानापूरच्या पावसाळी हवेत यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायला सांगणे, सेल जवळपास कोठे मिळतात हे आधी पाहणे, ही कामेसुद्धा निवडीतच येतात.

दृष्टीच्या साधनांमध्ये पहिली पायरी चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासण्याची. त्याआधी भिंग देणे व्यर्थ. दृष्टीचे क्षेत्रच आकुंचित झालेल्या व्यक्तीला अक्षर मोठे करून दिल्यास कमी अक्षरे दिसतात, त्यामुळे जास्त शक्तीचे भिंग तिला मारक ठरते. पांढऱ्या काठीची लांबी छातीच्या हाडापर्यंत धरतात. काठी जमिनीवरचे अडथळे सांगते, कमरेवरचे नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात रस्त्याकडेला उभ्या ट्रॉल्यांतून छातीच्या उंचीवर उसाची टोके बाहेर आलेली असतात, ती तिला कळत नाहीत. दिल्लीच्या आयआयटीत तयार होऊन २०१४ मध्ये आलेली ‘स्मार्टकेन’ अशा अडथळ्याची सूचना थरथरीने देते. तरी उघड्या गटाराची कड शोधायला काठीचे टोकच लागते, म्हणून साधी काठी शिकल्याशिवाय ही देऊ नये.

वाचनासाठी येथे एक अनुकूल गोष्ट आहे. १९५१ मध्ये मान्य झालेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतील समान वर्णांना समान ठिपके दिलेले आहेत, त्यामुळे मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ दोन्ही पहिल्या व तिसऱ्या ठिपक्याने लिहितात. मराठी ब्रेल शिकलेले मूल कन्नड ब्रेलची बहुतेक अक्षरे बोटांनी ओळखते, आणि एकच पाटी दोन्हींना पुरते. स्क्रीन रीडरचे तसे नाही. संगणकावरचा एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर आणि अँड्रॉइडमधील टॉकबॅक यांना दोन्ही भाषांचे आवाज जोडता येतात, पण ते आवाज बसवून, भाषा बदलण्याची खूण शिकवूनच फोन हाती द्यावा लागतो. कार्यालयातील कागद ‘नुडी’ या कन्नड टंकलेखन प्रणालीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये किंवा नुसत्या छायाचित्राच्या पीडीएफमध्ये असेल, तर सर्वोत्तम साधनही मुके होते. तो दोष व्यक्तीच्या क्षमतेकडे लावला जाऊ नये.

बोलू न शकणाऱ्या मुलासाठी चित्रांचा फलक किंवा टॅबलेट निवडताना त्यावरचे शब्द घरचे असावेत. मुंबईच्या आयआयटीतील ‘जेलो’ हे चित्राधारित संवादसाधन मराठीत मिळते. तरी आक्का, मामा, दुकान, ताक, शाळेच्या बाई ही चित्रे कुटुंबाने स्वतः भरल्याशिवाय मूल ते उचलत नाही. शाळा कन्नड माध्यमाची असल्यास शाळेचा वेगळा पुठ्ठ्याचा फलक करून देणे बरे.

निवड अंतिम ठरवण्याआधी साधन काही दिवस घरी वापरायला देणे, आणि दिल्यावर पुन्हा तपासणे, ही दोन कामे नियमांत असली तरी व्यवहारात सर्वाधिक गळतात. पुनर्तपासणीत अंगाला घासून जखम झाली का, यंत्र दिवसात किती वेळ कानात असते, ठरवलेले काम आता जमते का, एवढे विचारले तरी पुरते. खुर्ची न वापरण्याचे कारण पुष्कळदा तिच्या चाकातली हवा इतकेच असते. दुरुस्तीच्या सोयीवरून तर साधनाचा प्रकार बदलावा लागतो. तीनचाकीची साखळी, ट्यूब आणि बेअरिंग गावातला सायकल दुकानदार बदलून देतो. विजेवरच्या खुर्चीची बॅटरी किंवा श्रवणयंत्राची रिसीव्हर मात्र बेळगावात किंवा त्याहून लांब न्यावी लागते. त्या खेपांचे प्रवासभाडे आणि सोबत जाणाऱ्याचा बुडणारा रोजगार धरूनच साधनाची खरी किंमत काढतात.