सदोष मेमरीचे निदान

संगणक वारंवार गोठत (हँग होत) असेल, तर त्याचे कारण मुख्य मेमरीत म्हणजे रॅममध्ये आहे का, आणि असल्यास नेमके कुठे, हे चाचणी व अदलाबदल करून ठरवण्याची पद्धत.

रॅममधला प्रत्येक बिट सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपात असतो. हा भार गळत राहतो, म्हणून सर्वसाधारण तापमानात तो दर 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरला जातो. एखादी पेशी (एका बिटाची जागा) दुबळी झाली की त्याआधीच तिच्यातले मूल्य बदलते. तापमानाबरोबर गळती वाढत असल्याने सकाळी बिनतक्रार चालणारा संगणक तासाभराच्या जड कामानंतर अडकू शकतो. बिघडलेला बिट चित्रातल्या एका ठिपक्याचा असला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला असला तर यंत्र जागीच थांबते. गोठण्याची वेळ आणि जागा दरवेळी वेगळी असण्याचे हे मुख्य कारण. त्याच्या जोडीला निळ्या पडद्यावर दरवेळी निराळा संदेश येणे, झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचे सांगितले जाणे, नवा प्रोग्राम बसवताना मध्येच अडणे ही लक्षणे दिसली तर मेमरीवरचा संशय बळावतो. मात्र मरणपंथाला लागलेली डिस्क, दुबळा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) किंवा तापलेला प्रोसेसरही असाच त्रास देतात.

सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. सदोष मेमरीतून गेलेली माहिती डिस्कवर चुकीची लिहिली जाऊ शकते, त्यामुळे जुनी चांगली प्रत पुसून त्यावर नवी घेऊ नये. निदान होईपर्यंत विंडोज नव्याने टाकणे किंवा बायोस (संगणक सुरू करणारी, मदरबोर्डवरची मूळ प्रणाली) अद्ययावत करणेही टाळावे.

त्यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे मेमरी प्रमाणित वेगापेक्षा जलद चालवणारी सेटिंग, बंद करावी. डीडीआर4 या रॅमच्या प्रकाराचा प्रमाणित विद्युतदाब 1.2 व्होल्ट असतो. एक्सएमपी तो बहुधा 1.35 व्होल्टवर नेऊन वेगही वाढवते. एवढ्याने गोठणे थांबले तर रॅमची पट्टी खराब म्हणून टाकून देण्याची घाई करू नये.

विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक हे साधन हाताशी असते. चाचणी सुरू झाल्यावर एफ1 दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडावे. पण त्याने दिलेला निर्वाळा पुरेसा मानू नये. पेनड्राइव्हवरून थेट सुरू होणारे मेमटेस्ट86 किंवा मेमटेस्ट86+ अधिक कसून तपासते. त्यासाठी सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी बायोसमधील सोय) बंद करावे लागले आणि डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) असेल, तर ते उघडणारी रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. किमान चार फेऱ्या, शक्यतो रात्रभर चाचणी चालवावी. एकही चूक खपवून घेऊ नये. प्रमाणित वेगावर मान्य आकडा शून्यच.

चूक सापडली म्हणजे पट्टीच दोषी, असे ठरत नाही. ती पट्टीची, स्लॉटची (पट्टी बसवायच्या खाचेची) किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची (मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाची) असू शकते. वीजजोडणी काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच पट्ट्या काढाव्यात. मग मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये एकेक पट्टी एकटीच तपासावी. चूक पट्टीबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्ये गेली तर पट्टी खराब. कोणतीही पट्टी एकाच स्लॉटमध्ये चुकत असेल तर दोष स्लॉटचा किंवा त्यामागच्या वाटेचा. एकेकट्या निर्दोष ठरलेल्या पट्ट्या एकत्र चुकत असतील तर वेग कमी करून पाहावा. डीडीआर5 या नव्या प्रकारची रॅम असलेल्या यंत्रात पट्टी बदलल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. ते मेमरीचे प्रशिक्षण (नव्या पट्टीशी वेळ जुळवून घेणे) असते, बिघाड नव्हे.

दमट हवेत किंवा धुळीत वापरलेल्या यंत्रात दोष अनेकदा केवळ संपर्काचा असतो. पट्टीचे सोनेरी टोक पेन्सिलच्या मऊ खोडरबराने पुसण्याची दुरुस्ती-दुकानांतली रीत उपयोगी आहे, पण शाईचे खरखरीत रबर सोन्याचा मुलामा खरवडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याहून बरे. पट्टी परत बसवताना खिट्टी टक्कन लागल्याची खात्री करावी.

काही लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डवरच झाळलेली असते, तिथे अदलाबदल अशक्य. चुका मेमरीतल्या ठरावीक पत्त्यांवरच (जागांवरच) येत असतील तर लिनक्समध्ये मेमरीचा तेवढा भाग वगळता येतो, पण ही तात्पुरती सोय आहे. हिशेब किंवा कार्यालयीन नोंदी असलेले यंत्र अशा मेमरीवर चालवू नये.